जागलीची मजुरी

19 नोव्हेंबर 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं आणि मी आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात निवडणुकीच्या ड्युटीवर होतो. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं, संध्याकाळपर्यंत केंद्रावर पोचायचं, शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून रात्र काढायची आणि पहाटे उठून यंत्रं मांडायची. थंडी होती आणि झोप येत नव्हती. शाळेला लागूनच एक मोठं गोदाम होतं. तिथला रखवालदार शेकोटी करून बसला होता. मी जाऊन त्याच्याजवळ बसलो.

साठीच्या आसपासचा माणूस. मी उर्दू शिकवतो हे कळल्यावर चाचा लगेच आपल्या दखनी बोलीत बोलायला लागले. संध्याकाळी सातला यायचं, सकाळी सातला जायचं. बारा तास. आठवड्याची सुटी नाही. ईदच्या दिवशी सुटी हवी असेल तर आपल्या जागी दुसरा माणूस स्वतः शोधून द्यायचा आणि त्याचे पैसे स्वतःच्या पगारातून भरायचे. पगार मात्र आठ तासांच्या हिशेबाने.

"चाचा, बाकीच्या चार तासांचं काय?" मी विचारलं.

"मालक बोलते, रात को काम क्या है? बैठकेच तो रहता तू."

मग हसून त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री त्यांना डुलकी लागली. नेमके तेव्हाच मालकाचे चिरंजीव गाडीतून उतरले. दोन दिवसांचा पगार कापला गेला.

"सर, जागने का पगार नहीं, और सोने का जुर्माना है. ये कौन सा हिसाब है?"

मी मराठीचा आणि उर्दूचा मास्तर. हिशेबाचा विषय माझा नाही. पण चाचांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. नुसतं बसणं हे काम नसेल, तर बसल्या जागी झोपणं हा गुन्हा कसा? आणि झोपणं गुन्हा असेल, तर जागणं हे काम ठरतं, मग त्याची मजुरी का नाही? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरीही आपल्याकडे शेकडो वर्षं दोन्ही खऱ्या धरल्या गेल्या. त्याचाच इतिहास आज सांगायचा आहे, आणि त्यातला बराच आपल्या नगर जिल्ह्यातून जातो.

जागल्या आणि त्याचं वतन

आपल्या भागात पीक राखायला रात्री शेतावर जाणाऱ्याला आजही "जागलीला गेला" म्हणतात. जुन्या गावगाड्यात तर "जागल्या" हे एक कामच होतं. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या. नगर, नाशिक, खानदेशाकडे हे काम बहुतेक भिल्ल, कोळी, रामोशी अशा समाजांकडे असे. वेशीवर पहारा, चोराचा माग काढणं, गावात आलेल्या परक्या माणसाची पाटलाला खबर देणं ही त्याची कामं. झोप न घेणं हेच ज्याचं काम, त्याचं नावही त्या कामावरूनच पडलं.

त्याच्याहून अवघड स्थिती महार वतनदाराची. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, सारा घेऊन जाणाऱ्या पाटलासोबत चालायचं, गावात आलेल्या अंमलदाराची सोय बघायची, मेलेली जनावरं ओढायची, कुणाच्या मरणाचा निरोप परगावी पोचवायचा. वेळ दिवसाची की रात्रीची, हा प्रश्नच नव्हता. हाक आली की निघायचं. बदल्यात वतनी जमिनीचा तुकडा, गावकऱ्यांनी दिलं तर बलुतं, आणि काही ठिकाणी सरकारकडून महिन्याला काही आणे.

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. "वतन" हा मूळ अरबी शब्द. उर्दूत वतन म्हणजे मायदेश. आमची पोरं पंधरा ऑगस्टला वतनावरचे तराणे म्हणतात. मराठीत तोच शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला पिढीजात हक्क आणि त्याला बांधलेली पिढीजात चाकरी. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनात हक्क जड होता, महाराच्या वतनात चाकरी जड होती.

ही चाकरी 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने कागदावर पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच कायद्याला हात घातला. 'बहिष्कृत भारत' मधून त्यांनी वतनाचं खरं रूप मांडलं, आणि मार्च 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कायदादुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. महार वतनदार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील आहे. घरातला कर्ता जागेवर नसेल तर त्याच्या बापाला, भावाला, घरातल्या कुणालाही कामाला ओढलं जातं. कामं कोणती हे ठरलेलं नाही, वेळ ठरलेली नाही, आणि मोबदला कोण किती देणार हेही धड ठरलेलं नाही. म्हणून कामं निश्चित करा, बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची व्यवस्था करा, आणि ज्याला हे वतन नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून ती चाकरीतून मोकळी करून घेऊ द्या.

आजच्या भाषेत या मागणीला "कामाच्या अटी ठरवा" असं म्हणतात. पण विधेयकाला विरोध झाला आणि 1929 मध्ये ते मागे घ्यावं लागलं.

दहा वर्षांनी हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात पोचला. डिसेंबर 1939 मध्ये श्रीरामपूरजवळच्या हरेगावात महार-मांग वतनदारांची मोठी परिषद भरली. बाबासाहेब तिथे आले होते. सरकारने वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढवला होता. चाकरी चोवीस तासांची तशीच, मोबदला तोच तुटपुंजा, आणि वर कर जास्त. त्याविरुद्ध ही परिषद होती. त्याच हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. कारखान्यात भोंग्यावर पाळी सुरू व्हायची, भोंग्यावर संपायची. वतनदाराच्या आयुष्यात असा भोंगाच नव्हता.

कनिष्ठ गाववतनं 1958 च्या कायद्याने रद्द झाली. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते. तलाठ्याच्या हाताखाली मग कोतवाल आला. हा शब्दही फारसीतून आलेला, आणि एके काळी शहराच्या बड्या अधिकाऱ्याचा. गावच्या कोतवालाला मात्र पगार मिळाला नाही, "मानधन" मिळालं. आम्हाला चतुर्थ श्रेणी द्या, ही कोतवालांची मागणी कित्येक वर्षं चालू आहे. गावात पूर येवो, प्रेत सापडो, साहेबांचा दौरा असो, फोन त्यालाच जातो, आणि तो रात्री किती वाजता आला याची नोंद कुठे होत नाही.

भोंग्याची वेळ आणि फाटकाची वेळ

कामाचे तास मोजायची लढाई आपल्याकडे गिरण्यांत सुरू झाली. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण आज जो रविवार निवांत घालवतो, तो असा मिळालेला आहे.

गिरणीत यंत्र चालू की बंद हे दिसतं, म्हणून तास मोजता येतात. पण ज्याचं काम म्हणजे वाट बघणं, त्याचे तास कसे मोजायचे? हा प्रश्न सगळ्यात आधी स्वच्छपणे समोर आला तो रेल्वेत.

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. विसापूर, नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव अशी स्टेशनं आली आणि त्यांच्यामध्ये रस्ते ओलांडणारी फाटकं आली. फाटकवाल्याचं काम बघा. गाडी येणार म्हणून सूचना आली की फाटक लावायचं, कंदील दाखवायचा, गाडी गेली की फाटक उघडायचं. मधल्या वेळात तो "बसूनच तर असतो". पण एकदा चुकला तर माणसं मरतात.

1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत कामाच्या तासांचा पहिला करार झाला. जगासाठी आठवड्याला 48 तास ठरले, हिंदुस्थानसाठी 60. त्याच करारात एक सवलतही होती: ज्यांचं काम मुळातच "थांबून थांबून" चालतं, त्यांच्यासाठी वेगळे नियम करता येतील. हिंदुस्थानने 1921 मध्ये करार मान्य केला. 1930 मध्ये रेल्वे कायदा दुरुस्त झाला आणि थांबून थांबून काम करणाऱ्यांसाठी आठवड्याला 84 तासांची मर्यादा आली. 84 म्हणजे रोज बारा तास, सातही दिवस. याला मर्यादा म्हणायचं की परवाना, हे वाचकांनीच ठरवावं.

पुढे रेल्वे कामगार संघटनांच्या तक्रारीवरून 1946 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची लवाद म्हणून नेमणूक झाली. 1947 मध्ये त्यांचा निवाडा आला. सलग लक्ष द्यावं लागणाऱ्या अतिताणाच्या कामाला 45 तास, नेहमीच्या कामाला 54, आणि थांबून थांबून चालणाऱ्या कामाला 75. म्हणजे 84 वरून 75. नऊ तास कमी झाले.

त्यानंतर 1969 मध्ये रेल्वे कामगार न्यायाधिकरण नेमलं गेलं. त्याचे प्रमुख होते न्यायमूर्ती एन. एम. मियाभॉय, गुजरात उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. कामगारांच्या इतिहासात मुसलमानांचं नाव कुठे आहे, असं माझे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी हे नाव सांगतो. रेल्वेतल्या माणसाला ते माहीत असतं, आपल्या मोहल्ल्यात नसतं. 1972 च्या त्यांच्या अहवालानंतर अतिताणाच्या कामाचे तास 42 आणि नेहमीच्या कामाचे 48 झाले. थांबून थांबून चालणाऱ्या कामालाही पाया 48 चाच धरला गेला, पण त्यावर जादा तास घेण्याची मुभा राहिली. ज्याचं घर कामाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे, त्याच्यासाठी आणखी 24 तास. एकूण 72. इतरांसाठी आणखी 12, एकूण 60.

घर जवळ म्हणून काम जास्त! या नियमात तर्क आहे, येण्याजाण्याचा वेळ वाचतो. पण फाटकाशेजारची खोली ही सोय आहे की साखळी, असा प्रश्न मनात येतोच. वतनदाराचं घरही गावाला हाकेच्या अंतरावर असायचं.

तरी या सगळ्यातून एक मोलाची गोष्ट मिळाली. 1989 च्या रेल्वे कायद्यात "थांबून थांबून चालणारं काम" कशाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. बारा तासांच्या पाळीत निम्मा किंवा जास्त वेळ असा हवा, की ज्यात माणसाला हातपाय हलवावे लागत नाहीत आणि सतत लक्षही ठेवावं लागत नाही. कामाला तसं ठरवायचं तर अधिकाऱ्याने रीतसर जाहीर करायला हवं. आणि अशा कामगारालाही आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती, ज्यात एक पूर्ण रात्र आलीच पाहिजे. पूर्ण रात्र! 1989 च्या कायद्यातल्या या दोन शब्दांसाठी किती पिढ्या जागल्या असतील.

आता हीच व्याख्या आपल्या गोदामाच्या चाचांना लावून बघा. रखवालदाराला सतत लक्ष ठेवावं लागतं. तेच तर त्याचं काम. मग त्याचं बसणं "थांबणं" कसं?

डॉक्टर, आशा, कोयता

कुणी म्हणेल, हे गरिबांचं रडगाणं झालं. तसं नाही. 1992 मध्ये केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी योजना आखली. त्यात लिहिलंय की सलग काम साधारणपणे 12 तासांहून जास्त नसावं, आठवड्याला साधारण 48 तास असावेत आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी. "साधारणपणे" आणि "कामाची निकड पाहून" या दोन शब्दप्रयोगांमधून सगळे तास निसटून जातात. ज्यांच्या घरात कुणी निवासी डॉक्टर आहे त्यांनी विचारून बघावं.

युरोपात 2003 मध्ये जर्मनीतल्या कील शहरातल्या एका डॉक्टरच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरला इस्पितळातच थांबावं लागत असेल, तर त्याला झोपायला खोली दिली असली तरी तो सगळा वेळ कामाचाच. कारण तो आपल्या घरी, आपल्या माणसांत नाही. हा निकाल विश्रांतीबद्दल होता, पगाराबद्दल नव्हता. पगाराबद्दल इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये उलट कौल दिला. अपंगांच्या घरी रात्री झोपून गरज पडली तरच उठणाऱ्या सेविकांना झोपेच्या तासांचं किमान वेतन मिळणार नाही, असा तो निकाल होता. म्हणजे श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. इंग्लंडच्या त्या सेविकांना झोपायची परवानगी तरी होती. आमच्या चाचांना झोपायचा दंड आहे.

आपल्या जिल्ह्यात परत येऊ. रात्री दोन वाजता बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन आशाताई दवाखान्यात जाते. व्हरांड्यात बसून रात्र काढते. कागदावर ती कामगार नाही, "स्वयंसेविका" आहे. तिला कामागणिक मोबदला मिळतो, रात्रीगणिक नाही.

पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड जोडपी दिवसभर कोयता चालवतात. ट्रक रात्री कधीही फडावर येतो. अकराला येईल किंवा पहाटे तीनला. आला की उठायचं आणि डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढायचं. मजुरी टनावर. ट्रकची वाट बघितलेल्या तासांचं वजन काट्यावर होत नाही.

1948 चा कारखाने कायदा 2025 पर्यंत दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास सांगत होता, जादा कामाला दुप्पट दर सांगत होता. पण त्याच कायद्यात, ज्यांचं काम फार थांबून थांबून चालतं त्यांना नियमांतून वगळण्याची मुभा राज्य सरकारला होती. महाराष्ट्रात खासगी सुरक्षारक्षकांसाठी 1981 चा स्वतंत्र कायदा आहे. खेड्यातल्या गोदामावर, मंगल कार्यालयात, बांधकामावर बसणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत यातलं काय पोचतं, ते आपण रोज बघतो.

आपल्या अंगणात

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. मालक वाईट, सरकार वाईट, आपण चांगले. पण हा लेख लिहिताना माझ्या मोहल्ल्यातले मुअज्जिनसाहेब डोळ्यांसमोर येत राहिले.

फजरच्या आधी उठून मशिदीचं दार उघडणारे ते. इशानंतर कुलूप लावणारेही तेच. मधल्या वेळात पाण्याची मोटर, झाडलोट, कुणाच्या मय्यतीची घोषणा, रात्री बेरात्री कुणी डोला मागायला आलं तर तो काढून देणं. राहायला मशिदीलगत खोली. म्हणजे घर अर्ध्या किलोमीटरच्या आत! रेल्वेच्या फाटकवाल्याला कायद्याने आठवड्यातून एक पूर्ण रात्र मिळते. आपल्या मुअज्जिनना कुणी देतं? मदरशाच्या वसतिगृहात रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या उस्तादांना? शादीखान्याच्या रखवालदाराला? "सवाब का काम है" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. सवाब अल्लाह देईल. मजुरी मात्र विश्वस्तांना द्यायची आहे.

मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही आपल्या नबींची ताकीद आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. जागणाऱ्याला घाम येत नाही, म्हणून त्याची मजुरी आपल्याला दिसत नाही, एवढंच.

मराठीतले कामाचे कितीतरी शब्द उर्दूच्याच घरातले आहेत. मजूर, रोजंदारी, रजा, हजेरी. यातला "हजेरी" मला आता वेगळाच वाटतो. हाजिर म्हणजे उपस्थित. शाळेत आम्ही मुलांची हजेरी घेतो तेव्हा ते किती धडे शिकले हे विचारत नाही, आलात का एवढंच विचारतो. आमची स्वतःची हजेरीही तशीच भरते आणि तिच्यावरच पगार निघतो. मास्तरची हजेरी म्हणजे काम, मग रखवालदाराची हजेरी म्हणजे नुसतं बसणं का?

मी ज्या छोट्या संस्थेच्या कमिटीत आहे तिथे गेल्या बैठकीत तीन गोष्टी मांडल्या. रात्रीच्या माणसाच्या येण्याजाण्याची वेळ वहीत लिहायची. आठवड्यातून एक पूर्ण रात्र सुटी द्यायची, आणि बदली माणसाचे पैसे संस्थेने भरायचे. आठ तासांवरच्या वेळेचा मोबदला द्यायचा, किंवा दुसरा माणूस ठेवायचा. दोन तास चर्चा झाली. खजिनदार म्हणाले, "सर, रात्री काम काय असतं?" मी म्हटलं, "मग एक आठवडा आपण पाळीपाळीने बसू." बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. सुटीच्या रात्रीचा ठराव मंजूर झाला. जादा तासांचा पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले.

पुढची बैठक शाबानमध्ये आहे, रमजानच्या आधी. रमजानात सहरीला सगळा मोहल्ला जागा असतो, तेव्हा जागणं म्हणजे काय ते महिनाभर सगळ्यांना कळतं. विषय तेव्हाच काढायचा ठरवलं आहे. तुमच्या गावच्या कमिटीत तुम्हीही काढा, आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.